तुमच्याकडे हे चालते का?

परदेशी गेलेली माणसे नाताळला घरी आली की घरातली भाषा थोडी हलते. मागे एका नाताळात आमच्या ओटीवर दोन मावसबहिणी बसल्या होत्या. थोरली तीस वर्षे लंडनच्या उपनगरात राहिलेली, धाकटी जवळजवळ तितकीच वर्षे न्यू जर्सीत. वसईच्या एकाच शाळेत दोघी इंग्रजी शिकलेल्या. बोलता बोलता धाकटी म्हणाली, "आम्ही आता पहिल्या मजल्यावर घर घेतलंय." थोरलीने लगेच काळजी केली, "अगं, पण गुडघे दुखायला लागल्यावर जिने कसे चढणार?" धाकटीला प्रश्नच कळेना, कारण तिच्या घराचे दार अंगणात उघडत होते. अमेरिकेत जमिनीलगतचा मजला हाच पहिला. इंग्लंडात, आणि इंग्रजांच्या मागोमाग आपल्याकडे, तो तळमजला. पहिला मजला त्याच्या डोक्यावर. पुढे चहाबरोबर बिस्किटे आली आणि पुन्हा तोच घोटाळा झाला. आपण जिला बिस्कीट म्हणतो, ती इंग्लंडात बिस्कीटच असते. अमेरिकेत मात्र तिला 'कुकी' म्हणतात, आणि 'बिस्कीट' म्हणजे जेवणात लोणी लावून खायचा मऊ, फुगीर, बिनगोड पाव. दोघी हसल्या, आम्हीही हसलो. पण एकाच भाषेत, एकाच बाकावर शिकलेल्या दोन बहिणींना एकमेकींच्या घराचा मजला समजू नये, हे मनात राहून गेले. त्या रात्री मी कपाटातून एक जुने पुस्तक पुन्हा वाचायला काढले. प्रस्तुत लेख त्या पुस्तकाविषयी आहे.

हेलीन हॅन्फ या अमेरिकी लेखिकेचे '८४, चेअरिंग क्रॉस रोड' हे शंभरेक पानांचे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले. त्यात रचलेली कथा नाही. न्यूयॉर्कमध्ये एकटी राहणारी, तुटपुंज्या मिळकतीवर गुजराण करणारी एक लेखिका आणि लंडनमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातील माणसे यांच्यामधली पत्रे तेवढी आहेत. पहिले पत्र ५ ऑक्टोबर १९४९चे आहे आणि पत्रव्यवहार वीस वर्षे चालला. दुकानाचे नाव मार्क्स अँड कंपनी. तिच्या पत्रांना उत्तरे देणारा प्रमुख माणूस फ्रँक डोएल. दोघांची भेट कधीच झाली नाही. डिसेंबर १९६८मध्ये फ्रँक अपेंडिक्स फुटून वारला. हेलीन लंडनला पोहोचली ती जून १९७१मध्ये. तोवर दुकानही बंद झाले होते.

या पुस्तकावर नाटक झाले, १९८७ साली चित्रपट झाला आणि ग्रंथप्रेमाचे पुस्तक म्हणून त्याची कीर्ती जगभर पसरली. ती कीर्ती खोटी नाही. हॅझलिट, स्टीव्हन्सन, जॉन डन, आयझॅक वॉल्टन, सॅम्युअल पेप्स अशा लेखकांची पुस्तके हेलीन मागवते, फ्रँक शोधून पाठवतो. कार्डिनल न्यूमन यांच्या विद्यापीठविषयक व्याख्यानांची १८५२ सालची पहिली आवृत्ती तिला अवघ्या सहा डॉलरांत मिळते आणि ती हरखून जाते. न्यूमन २०१९ साली संत म्हणून घोषित झाले. आपल्या वाचकांना त्या पानावर क्षणभर थांबावेसे वाटेल. तथापि, तीन-चार वेळा वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की, पुस्तकांची यादी हा या ग्रंथाचा केवळ सांगाडा आहे. त्यातले रक्त स्वयंपाकघरातून येते. एकच भाषा बोलणाऱ्या दोन देशांतली घरे एकमेकांना कशी अनोळखी असतात, आणि ती ओळख नेमकी कोणत्या प्रश्नाने सुरू होते, हे सांगणारे याइतके साधे पुस्तक माझ्या वाचनात नाही.

अनोळखीपणा पहिल्या पत्रापासूनच आहे. दुकानाच्या जाहिरातीत 'अँटिक्वेरियन' हा शब्द वाचूनच हेलीन बिचकते. तिच्या लेखी 'अँटिक' म्हणजे महाग. नंतर बिल येते ते पौंड, शिलिंग आणि पेन्समध्ये. १ पौंड १७ शिलिंग ६ पेन्स ही रक्कम तिला उलगडत नाही. वरच्या मजल्यावरच्या मुलीचा इंग्रज मित्र ती डॉलरांत करून देतो, आणि हेलीन दुकानाला कळवते की यापुढे किमतींचे भाषांतर करूनच पाठवत जा. 'हिशेब' न म्हणता तिने 'भाषांतर' म्हटले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. वीस शिलिंगांचा पौंड आणि बारा पेन्सांचा शिलिंग ही इंग्लंडची घरातली भाषाच होती. त्या भाषेत तिथली पोरे दूध आणायला जात. आपल्याकडेही १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत येईपर्यंत सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा होता. नवे पैसे आल्यावर कितीतरी वर्षे आपल्या आज्या बाजारात मनातल्या मनात आण्यांचे भाषांतर करीत होत्या. इंग्लंडने जुने नाणे सोडले ते फेब्रुवारी १९७१मध्ये. म्हणजे हेलीन लंडनला उतरली तेव्हा ज्या हिशेबाची तिने वीस वर्षे थट्टा केली, तोही चार महिन्यांपूर्वी इतिहासजमा झाला होता.

दुसरा अडसर संबोधनाचा. दुकानाचे पहिले उत्तर 'डिअर मॅडम' अशा मायन्याने येते. हेलीन तळटीप लिहिते की, या शब्दाचा आमच्याकडे जो अर्थ आहे तो तुमच्याकडे नसावा अशी आशा आहे. अमेरिकी बोलीत या शब्दाला एक बदनाम अर्थ चिकटला आहे. लंडनच्या दुकानदाराला मात्र तो शब्द म्हणजे इस्त्री केलेला पांढरा सदरा; अनोळखी ग्राहकापुढे तो घातल्याशिवाय जायचे नसते. आदरासाठी काढलेला शब्द दुसऱ्या घरात भलताच ठरू शकतो, हा धडा पुस्तकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर मिळतो, आणि तोही हसत हसत.

त्यानंतर येते आपल्या वाचकांना खास गुदगुल्या करणारे पत्र. हेलीनने लॅटिन नवा करार मागवला होता. तो आला, पण तो संत जेरोम यांचा 'व्हल्गेट' नव्हता; आंग्लिकन मंडळींनी फेरफार केलेले लॅटिन होते. हेलीनचा संताप अनावर होतो. आपण स्वतः यहुदी असून कॅथॉलिक आणि मेथॉडिस्ट वहिन्या, प्रेस्बिटेरियन चुलतभावंडे असा आपला गोतावळा असल्याचे ती सांगते आणि यांपैकी कोणालाही हे लॅटिन पसंत पडणार नाही असे ठणकावते. वरवर हा भाषाशैलीचा वाद आहे. पण त्याच्या आड एका अमेरिकी घराचे चित्र आहे. एकाच जेवणाच्या मेजाभोवती इतके पंथ बसतात, आणि ते तसे बसतात म्हणूनच या बाईला इतरांच्या घराचे नियम ठाऊक आहेत. पुढच्या प्रसंगाची तयारी इथे झालेली आहे.

तो प्रसंग डिसेंबर १९४९चा. त्याची पार्श्वभूमी थोडी सांगितली पाहिजे. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० मध्ये बेकन, लोणी आणि साखर यांच्यापासून रेशन सुरू झाले आणि ते पुरते संपले ४ जुलै १९५४ रोजी, म्हणजे युद्ध संपल्यानंतर नऊ वर्षांनी. युद्धकाळात रेशनवर नसलेला पावसुद्धा १९४६ ते १९४८ या काळात रेशनवर गेला. विजयी राष्ट्राच्या स्वयंपाकघरात अंडे ही जपून वापरण्याची वस्तू होती. हेलीनला हे तिच्या इंग्रज परिचिताकडून, ब्रायनकडून कळते: कुटुंबाला आठवड्याला दोन औंस मांस आणि माणशी महिन्याला एक अंडे. आकडे ऐकीव आहेत. मांसाचे रेशन तिकडे वजनावर नव्हे, किमतीवर ठरत असे. पण धक्का खरा आहे. डेन्मार्कहून इंग्लंडला खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या एका कंपनीमार्फत ती दुकानातील मंडळींना नाताळची भेट पाठवते. त्यात सहा पौंडांचे हॅम असते.

भेट रवाना होते आणि दुसऱ्याच दिवशी तिची धांदल उडते. हातातल्या बिलावर दुकानाच्या मालकांची नावे तिला दिसतात: मार्क्स आणि कोहेन. दोन्ही नावे यहुदी. हॅम म्हणजे डुकराचे मांस, आणि धर्मनियम पाळणाऱ्या यहुद्याला ते निषिद्ध. ती घाईघाईने फ्रँकला विचारते की मालक 'कोशर' पाळतात का; पाळत असतील तर हॅमऐवजी जिभेचे मांस तातडीने पाठवता येईल.

माझ्या मते हे चार ओळींचे पत्र म्हणजे पुस्तकाचे हृदय होय. हेलीन स्वतः यहुदी आहे. तिच्या घरी तो नियम चालत नाही, म्हणूनच हॅम निवडताना तिला काही खटकले नाही. स्वतःच्या घरात सुटलेला नियम दुसऱ्याच्या घरात पाळला जात असेल, हे तिला आठवते आणि ती लाजत नाही, विचारते. भेट देणाऱ्याचा हात वर असतो असे आपण म्हणतो. हा प्रश्न विचारताना तिचा हात खाली येतो. 'मी पाठवले आहे, गोड मानून घ्या' असे ती म्हणत नाही. 'तुमच्याकडे हे चालते का?' असे ती विचारते.

यावर फ्रँकचे उत्तरही पाहण्यासारखे आहे. पार्सल सुखरूप मिळाले, सर्व वस्तू कर्मचाऱ्यांत वाटल्या. यातून मालकांचा वाटा काढू नका, तुम्हीच वाटून घ्या, असा आग्रह श्री. मार्क्स आणि श्री. कोहेन यांनीच धरला, असे तो लिहितो. मालक कोशर पाळत होते की नाही, हे या पत्रातून उघड होत नाही. त्यांनी आपला वाटा धर्मनियमामुळे सोडला की नोकरांच्या घरची उपासमार जाणून सोडला, हे वाचकाने ठरवायचे. त्या झाकलेल्या जागेला लेखिकेने संपादन करताना हात लावला नाही, ही तिच्या रसिकतेची खूण आहे.

आपल्या वाचकांना या प्रसंगाचे स्पष्टीकरण फारसे लागू नये. कोकणात बेने इस्राएल शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिले. ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. हे नाव त्यांच्या घरच्या नियमावरून पडले. आमच्या घरी नाताळची ताटे शेजारी जात, तेव्हा माझी आई दोन ताटे वेगळी मांडत असे. त्यांत केक नसे, कारण केकात अंडे. नारळाच्या करंज्या आणि शंकरपाळे असत, आणि तेही मांसमच्छी शिजवण्यापूर्वी, सकाळीच तळलेले. हे तिने शेजारणीला कधी बोलून दाखवल्याचे मला आठवत नाही. कधीतरी, लग्न होऊन नवी आली असताना, तिनेही तोच प्रश्न विचारला असणार.

हॅमनंतर पत्रांची वाट बदलते. आतापर्यंत दुकान लिहीत होते. आता घरे लिहू लागतात. दुकानात काम करणारी सिसिली फार ही फ्रँकला न कळवता हेलीनला पत्र पाठवते. पार्सलमधल्या मनुका आणि अंडी यांमुळे आपल्या लहान मुलांसाठी केक करता आला, असे ती सांगते. आणखी एक कर्मचारी आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला मांस आणि डबाबंद जीभ पाहून किती आनंद झाला ते लिहितो. ही बाई त्याची 'ग्रेट-आंट'. मराठी भाषांतरकार इथे अडखळेल. इंग्रजीला ती आईकडची की वडिलांकडची हे सांगायची गरज वाटत नाही. मराठीला ती आत्याआजी की मावशीआजी हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे नेता येत नाही. घराचे नकाशे भाषेत असे कोरलेले असतात. इंग्रजी घरात एक खोली आहे तिथे आपल्या घरात दोन आहेत, आणि मूळ पत्रात तर कोणत्या खोलीत जायचे ते लिहिलेलेच नाही. पुढे नाताळचे पार्सल पाठवण्यापूर्वी हेलीन विचारते की अंड्यांची पूड हवी की ताजी अंडी. पूड जास्त दिवस पुरेल, ताजी अंडी चवीला बरी. मग दुकानातल्या सर्वांचे मत घ्या, असे ती सुचवते. जिथे काल एक अंडे मोलाचे होते तिथे आज निवड करण्याचा मान दिला जातो. दानात हा मान फार क्वचित मिळतो.

या पत्रांतला सर्वांत मौजेचा भाग यॉर्कशर पुडिंगचा. 'पुडिंग' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कॅरॅमलचे, साच्यातून उलटे काढलेले, थरथरणारे गोड पुडिंग येते. अमेरिकी माणसापुढे दुधाचा दाटसर गोड पदार्थ येतो. इंग्लंडात जेवणानंतरच्या कोणत्याही गोड पदार्थाला पुडिंग म्हणतात, पण यॉर्कशर पुडिंग गोड नसते आणि जेवणानंतरही येत नाही. मैदा, अंडे, दूध आणि मीठ यांचे पातळ पीठ तापलेल्या चरबीत ओतून भट्टीत भाजायचे आणि भाजलेल्या गोमांसाबरोबर वाढायचे. सिसिली त्याची कृती लिहून पाठवते, आणि शेवटी तिला पेच पडतो: ज्याने हा पदार्थ कधी पाहिलाच नाही त्याला तो कसा सांगावा? तो उंच फुगतो, बाहेरून तांबूस आणि कुरकुरीत होतो, कापला तर आत पोकळ निघतो, एवढेच तिला सांगता येते. हेलीन तो करते, खूश होते आणि आपल्या माणसांना समजावताना त्याला उंच, गुळगुळीत, पोकळ 'वॉफल' म्हणते. मी तो प्रथम वाचला तेव्हा मला टम्म फुगलेली पुरी दिसली. न पाहिलेली वस्तू प्रत्येकजण आपल्याच चुलीवर ठेवून पाहतो. त्याला दुसरा मार्ग नाही.

मग मराठी भाषांतरकाराने इथे 'पुरी' लिहावे काय? मुळीच लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. याचा अर्थ परक्या पदार्थाला आपले नाव देणे नेहमीच चूक, असा नव्हे. मराठी बायबलने प्रभूच्या प्रार्थनेत 'भाकर' शब्द घेतला. 'पाव' हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द आपल्याजवळ असूनही आपण भाकर मागतो, आणि ते योग्यच आहे. कारण ती प्रार्थना प्रत्येकाने आपल्याच घरात, आपल्याच भुकेने म्हणायची आहे. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेजुईट फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ सालच्या 'क्रिस्तपुराणा'त स्वर्गासाठी 'वैकुंठ' शब्द स्वीकारला, त्यामागेही हीच दृष्टी होती. ऐकणाऱ्याने आपल्या घरात बसून ऐकावे, अशी त्यांची इच्छा होती. सिसिलीच्या पत्राचा हेतू उलटा आहे. हेलीनने ते पुडिंग पाहिलेले नाही, हाच त्या पत्राचा प्राण. तिथे 'पुरी' आली की वाचकाला सर्व आयते कळेल, आणि न कळण्यातून विचारण्याकडे, विचारण्यातून करून पाहण्याकडे जाणारी ती सुंदर पायवाट बुजून जाईल. अलीकडे अनुवादित कादंबऱ्यांत सपरला सरसकट 'रात्रीचे जेवण' आणि स्कोनला 'केक' करून टाकण्याची रीत दिसते. वाचकाची सोय होते हे खरे. पण दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेल्याची भावना हरवते. आपण आपल्याच घरात बसून राहतो आणि पात्रे तेवढी परदेशी नावांची असतात.

संबोधनाच्या शिडीचा मघाशी अर्धा उल्लेख केला, तो आता पूर्ण करतो. इंग्रजीत 'यू' एकच. मराठीसारखे आपण, तुम्ही, तू असे तीन उंबरे नाहीत. त्यामुळे जवळीक किती वाढली हे मायन्यावरून आणि सहीवरून ओळखावे लागते. फ्रँक आरंभी केवळ नावाची आद्याक्षरे लिहितो, पुढे पूर्ण नावाची सही करतो. 'मॅडम'ची 'मिस हॅन्फ' होते. हेलीन मात्र पहिल्यापासून मोठ्या अक्षरांत ओरडते, आळशी म्हणून रागावते, थट्टा करते. फेब्रुवारी १९५२मध्ये फ्रँक 'मिस' गाळतो आणि कारण देतो: आपण दिसतो तितके तुटक नाही, पण पत्रांच्या नकला दुकानाच्या फायलीत जातात, म्हणून औपचारिक मायना बरा वाटत होता. हे वाचून मला इंग्रज स्वभावापेक्षा आपले पोस्टमास्तर, आपले मुख्याध्यापक आठवले. माणूस तुटक नसतो, फाईल तुटक असते. मराठीत हे पुस्तक आणायचे तर फ्रँकने 'आपण'वरून 'तुम्ही'वर केव्हा उतरावे? माझ्या मते नेमके याच पत्रात. आणि 'तू'? तो शेवटपर्यंत 'तू' म्हणणार नाही. त्याच्या मायेला 'तुम्ही' पुरे आहे. हेलीनने तिसऱ्या पत्रातच 'अहो' म्हणत त्याला दटावावे, म्हणजे दोन्ही स्वभाव जागच्या जागी राहतील.

इतकी स्तुती केल्यावर उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पुस्तकाचा मोठा भाग पहिल्या चार-पाच वर्षांनी व्यापला आहे. नंतरची पत्रे विरळ होतात, वर्षेच्या वर्षे दोन-तीन पानांत उलटतात. पत्रे कमी झाली हे तर खरेच, परंतु रेशन संपले आणि पार्सलांची गरज उरली नाही, त्याच सुमारास पुस्तकाची ऊबही उतरते, हा योगायोग मला वाटत नाही. पुस्तकांच्या मागण्या चालूच राहतात. पण 'तुमच्याकडे हे कसे करतात' हा प्रश्न थांबतो. ग्रंथप्रेमाने एवढे अंतर एकट्याने पेलले नसते, असा निष्कर्ष लेखिकेच्या इच्छेविरुद्धच निघतो.

दुसरे असे की, घेणाऱ्याचा संकोच इथे पुरेसा उमटत नाही. देणारी बाई श्रीमंत नाही, विरलेले स्वेटर घालून टंकलेखन यंत्रापुढे बसणारी आहे; तरीही तिच्यामागे भरलेल्या बाजारपेठेचा देश आहे. आखातातून, अमेरिकेतून आलेल्या पेट्या ज्यांच्या घरी उघडल्या गेल्या आहेत, त्यांना त्या आनंदातला बारीक काटा ठाऊक असतो: याची परतफेड आपण कशाने करायची? फ्रँक आणि त्याचे सहकारी हा काटा शब्दांत मांडत नाहीत, पण एक वस्तू पाठवतात. आयरिश लिननचे, हाताने भरतकाम केलेले मेजावरचे कापड. भरतकाम करणारी, फ्रँकच्या शेजारी एकटी राहणारी ऐंशी ओलांडलेली वृद्धा. ज्यांच्याकडे अंडे नव्हते त्यांच्याकडे सुई होती. न्यूयॉर्कच्या त्या लहानशा खोलीत लंडनच्या शेजारणीचे कापड मेजावर पसरले जाते, तेव्हा दोन्ही घरांचे पारडे समान होते. हा प्रसंग याहून अधिक जागा मागत होता. फ्रँकच्या पत्नीची, नोराची पत्रे मोजकीच आहेत, त्या वृद्धेचे तर जवळजवळ मौनच. या बायकांकडून आणखी ऐकायला मिळाले असते तर पुस्तक अधिक खोल झाले असते.

तिसरी उणीव हेलीनच्या दृष्टीची. तिच्या मनातले इंग्लंड पुस्तकांतून आलेले आहे. दुकानाचे वर्णनही तिला मैत्रिणीकडून कळते: अंधारे, छतापर्यंत फळ्या, जुन्या कागदाचा वास. रांगेत उभ्या असलेल्या इंग्रज गृहिणीचे पाय किती दुखतात, हे त्या इंग्लंडात दिसत नाही. पण एक गोष्ट तिच्या बाजूने बोलली पाहिजे. जे दिसत नव्हते ते आपल्याला दिसते आहे असे सोंग तिने कधी आणले नाही. शंका आली की तिने विचारले.

चेअरिंग क्रॉस रोडवरील त्या जागेत पुढे मॅकडोनाल्डचे उपाहारगृह आले. दाराशी एक पितळी पाटी तेवढी जुन्या दुकानाची आठवण सांगते. जगभर एकाच चवीचे, एकाच नावाचे खाणे देणारी ती अमेरिकी भट्टी. तिथे कोणी कोणाला 'तुमच्याकडे हे कसे करतात' असे विचारण्याचे कारण नसते. सर्वांचे सर्व सारखे झाले की चूक होण्याची भीती जाते, आणि विचारण्याची संधीही जाते.

हे पुस्तक एका बैठकीत वाचून होते, आणि घरात मोठ्याने वाचण्याजोगे आहे. ज्यांची मुले-बाळे दोन-तीन देशांत विखुरली आहेत, त्यांनी तर ते अवश्य वाचावे. आमच्या त्या दोन बहिणींपैकी थोरलीने परतण्यापूर्वी ते माझ्याकडून नेले. महिन्याभराने तिचा फोन आला. पुस्तक तिला आवडले होते, पण तिचे बोलणे भलत्याच गोष्टीविषयी होते. धाकटीच्या नव्या घरी ती उन्हाळ्यात जाणार होती, आणि तिच्या जावयाला आपल्याकडचे सुके बोंबील चालतात की नाहीत, हे तिला आधी विचारून घ्यायचे होते.